याला कोणी सांगितलं होतं?

कॉम्प्युटरवर काहीही उघडलेलं नाही, माऊसला कोणाचा हात नाही, आणि तरी पंखा एकाएकी घोंगावू लागतो. पहिल्यांदा माणूस दचकतो, नंतर संशय घेऊ लागतो. मग कोणीतरी जाणकार सांगतो, 'टास्क मॅनेजर उघडून बघ.' कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबायच्या. आता गुन्हेगार सापडणार अशी अपेक्षा असते. सापडते ती यादी, आत काय-काय चालू आहे त्याची. शंभर-दीडशे नावं. ओळखीची चार-पाच, बाकीची अशी की मोठ्याने वाचताही येऊ नयेत.

मला ही यादी वाचायला आवडते. विचित्र आवड आहे, मान्य. पण घरातल्या वस्तूंपैकी आपल्याला न विचारता सर्वांत जास्त उद्योग करणारी वस्तू हीच, आणि तिच्या उद्योगांचा हिशोब तिच्याकडेच मागता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटते.

टास्क मॅनेजर मुळात डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रॅमरने घरी, फावल्या वेळात लिहायला घेतला होता. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये तो आला. बाकी सगळं ठप्प झालेलं असतानाही हा उघडलाच पाहिजे, अशा हट्टाने तो लिहिलेला आहे. आधी उघडलेला टास्क मॅनेजर स्वतःच अडकून पडला असेल, तर त्याच्या नादी न लागता दुसरा उघडतो. आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. ही यादी सारखी वरखाली होत असते. नाव वाचेपर्यंत ते भलतीकडे गेलेलं असतं. अशा वेळी कंट्रोलची कळ दाबून धरायची. यादी जागच्या जागी थांबते. बोट उचललं की पुन्हा सुरू.

अशी थांबवलेली यादी नीट बघितली की पहिली गोष्ट ध्यानात येते ती म्हणजे सीपीयूच्या, म्हणजे मशीनच्या मेंदूच्या, रकान्यातली शून्यं. नाव आहे, थोडीफार मेमरी अडवलेली आहे, काम मात्र शून्य. बॅकग्राउंडला दीडशे प्रोसेस, म्हणजे सुरू केलेले प्रोग्रॅम, 'चालू' आहेत असं आपण म्हणतो, पण त्यातल्या बहुतेक झोपलेल्या असतात. कोणी यूएसबी लावण्याची वाट बघतंय, कोणी छपाईची, कोणी नेटवर्क बदलण्याची, कोणी घड्याळात ठरावीक वेळ होण्याची. वाट बघणाऱ्या प्रोसेसला ऑपरेटिंग सिस्टिम सीपीयूच्या रांगेत उभंच करत नाही. ती घटना घडली की तिला उठवायचं, काही मिलिसेकंद काम करू द्यायचं, पुन्हा झोपवायचं. त्यामुळे यादी किती लांब आहे यावरून मशीन किती दमलंय हे कळत नाही. तरीही लोक आकडे सांगतात. 'माझ्याकडे एकशे ऐंशी आहेत, तुझ्याकडे किती?' रक्तदाब सांगावा तसं.

आकडा वाढण्याची कारणंही भलतीच असतात. 'सर्व्हिस होस्ट' हे नाव यादीत पन्नास-साठ वेळा दिसतं आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पूर्वी विंडोज अनेक सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे राहून काम करणारे प्रोग्रॅम, एकाच सर्व्हिस होस्टमध्ये कोंबत असे, मेमरी वाचवायला. त्यातली एक कोसळली की शेजारच्या चार तिच्याबरोबर जायच्या, आणि सीपीयू खाणारी नेमकी कोण ते कळायचं नाही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या अपडेटपासून, रॅम, म्हणजे हीच मेमरी, साडेतीन जीबीपेक्षा जास्त असेल, तर बहुतेक सर्व्हिसेसना वेगळं बिऱ्हाड मिळू लागलं. काम तेवढंच राहिलं, नावं वाढली. ब्राउझरचंही तेच. क्रोम २००८ मध्ये आला तो टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायचं धोरण घेऊनच, आणि २०१८ मध्ये, एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावू देणाऱ्या स्पेक्टर या सीपीयूतल्या दोषाचा गवगवा झाल्यावर, एकेका साइटचं दुसरीशी नातंही तोडलं गेलं. एक टॅब फुटला तर बाकीचे वाचावेत आणि एका साइटने दुसरीच्या मेमरीत डोकावू नये, यासाठी मोजलेली ही किंमत आहे. मला ती रास्त वाटते. रॅमच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना ती वाटत नाही.

मावशीचा फोन या यादीवरूनच आला होता. तिचा लॅपटॉप जुना, पण तिच्या हुकमतीतला.

"अरे, ते सिस्टिम आयडल प्रोसेस म्हणून काहीतरी आहे, ते सत्त्याण्णव टक्के खातंय! मारून टाकते त्याला."

"अगं मावशी, ते खात नाही काही. उरलेलं आहे ते. सत्त्याण्णव टक्के सीपीयू रिकामा बसलाय."

"रिकामा बसलाय तर यादीत कशाला घातलाय?"

प्रश्न बिनतोड होता. विंडोजला प्रत्येक कोअरवर, म्हणजे सीपीयूच्या प्रत्येक स्वतंत्र भागावर, सतत काहीतरी चालवावं लागतं. 'आता कोणीच नाही' ही अवस्था तिच्या हिशोबात बसत नाही. म्हणून शून्य क्रमांकाची ही प्रोसेस ठेवलेली असते. करायला काही उरलं नाही की पाळी तिच्याकडे जाते, आणि ती सीपीयूला डुलकी घ्यायला सांगते. वीज वाचते ती इथेच. म्हणजे हा आकडा जितका मोठा तितकी गोष्ट चांगली. गंमत म्हणजे हिला मारताच येत नाही. मावशीने प्रयत्न करून पाहिला असणार, कारण पलीकडून काही वेळ नुसत्या क्लिकचे आवाज येत होते.

दिसतो तो दोषी, हा या यादीने लावलेला सगळ्यात वाईट नाद. मॅक वापरणाऱ्यांकडे त्याचा आणखी ठसठशीत नमुना आहे. मशीन तापलं, रखडायला लागलं, म्हणून ॲक्टिव्हिटी मॉनिटर, म्हणजे मॅकचा टास्क मॅनेजर, उघडावा तर कर्नल टास्क नावाची प्रोसेस सीपीयूवर ठाण मांडून बसलेली. वास्तविक तिच्या कामांपैकी एक काम तापमान सांभाळण्याचं आहे. सीपीयू तापला की ती पुढे येऊन जागा अडवते, म्हणजे ज्यांनी तो तापवला त्यांना तो कमी मिळावा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर इथे ती मिळते.

अशी फाशी खरोखर दिली गेली आहे, तीही जगभर. २००१ मध्ये एक मेल फिरला: तुमच्या कॉम्प्युटरवर सल्फएनबीके नावाची फाइल आहे का बघा, असेल तर तो व्हायरस आहे, लगेच उडवा आणि सर्वांना कळवा. लोकांनी शोधली आणि ती सापडली. सापडणारच होती; ती विंडोज ९८ बरोबर येणारी, लांब नावांच्या फायलींची नावं परत बसवून देणारी साधी गरीब फाइल होती. पुढच्याच वर्षी तोच खेळ जेडीबीजीएमजीआर या फाइलवर झाला. जावाच्या डीबगरसाठी मायक्रोसॉफ्टनेच दिलेली फाइल, पण तिचं चिन्ह होतं करड्या रंगाचं अस्वल. सिस्टिमच्या फोल्डरमध्ये खेळण्यातलं अस्वल बघितल्यावर कोणाचा विश्वास बसणार? या मेलमध्ये एका ओळीचाही व्हायरस नव्हता. नुकसान करायला लोकांचे हात पुरेसे होते. आजही 'ही प्रोसेस ताबडतोब बंद करा' अशी चित्रफीत कोणी पाठवली की मला ते अस्वल आठवतं.

मग विश्वास टाकून मोकळं व्हावं का? तेही जमत नाही, आणि याचा दाखला त्या अस्वलानंतर तीनच वर्षांनी मिळाला. मार्क रुसिनोविच हा विंडोजचं पोट आतून माहीत असलेला माणूस. १९९६ पासून ब्राइस कॉगस्वेलबरोबर तो, पुढे सिसइंटर्नल्स या नावाने ओळखल्या गेलेल्या साइटवरून, विंडोजची हत्यारं फुकट वाटत होता. ऑक्टोबर २००५ मध्ये आपलंच एक हत्यार तपासताना त्याला स्वतःच्या मशीनवर दडवलेल्या फायली सापडल्या. माग काढत तो पोचला सोनी बीएमजीच्या एका गाण्याच्या सीडीपर्यंत. सीडीची नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने तिच्यातून एक प्रोग्रॅम गुपचूप बसवला होता. ज्याच्या नावाची सुरुवात डॉलर, मग सिस, मग पुन्हा डॉलर अशी असेल ते सगळं तो विंडोजच्या नजरेआड करायचा: फाइल असो, प्रोसेस असो, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतली, नोंद असो. टास्क मॅनेजरमध्येही दिसायचं नाही. गाणं लावलेलं असो वा नसो, दर दोन सेकंदांनी चालू प्रोसेसची झडती घेणं सुरू. ओढून काढायला जावं तर सीडी ड्राइव्हच गायब व्हायचा. बोंबाबोंब झाली, खटले झाले, कंपनीला त्या सीड्या परत घ्याव्या लागल्या.

या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी-शेजारी ठेवतो. अस्वल अनोळखी होतं, पण ते ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलं होतं. सीडी ओळखीच्या दुकानातून, पैसे मोजून आणलेली होती, पण तिच्या पोटातलं काम कोणी सांगितलेलं नव्हतं. नाव विचित्र आहे का, सीपीयू किती खातं, हे प्रश्न दुय्यम. कोणाच्या सांगण्यावरून आलंय हे, आणि मी कधी हो म्हटलं होतं?

याचं उत्तर काढायला फार विद्वत्ता लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये नावावर राइट क्लिक करून फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते बघता येतं. सर्व्हिस होस्ट असेल तर त्याने विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरातच असायला हवं. तेच नाव डाउनलोड्समधून किंवा टेम्पमधून चालत असेल, किंवा स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. 'डिटेल्स' टॅबमध्ये रकान्यांच्या डोक्यावर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' हा रकाना जोडला की कोणत्या हुकमाने प्रोसेस सुरू झाली तेही समोर येतं. त्याहून खोलात जायचं तर रुसिनोविचचाच प्रोसेस एक्सप्लोरर. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतलं, तरी ही हत्यारं अजून फुकटच आहेत. त्यात प्रोसेस झाडासारख्या मांडलेल्या दिसतात, कोणी कोणाला जन्म दिला ते. कागदपत्रं उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटी कमांडची काळी खिडकी जन्माला आलेली दिसली, तर मी खुर्चीत सरळ बसतो.

'एंड टास्क' हे बटण मी अडकलेल्या प्रोग्रॅमपुरतंच वापरतो. बॅकग्राउंडच्या प्रोसेसवर ते वापरणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं. सर्व्हिस मेली तर तिला पुन्हा उठवायचं अशी तजवीज विंडोजमध्ये असतेच. अपडेटर मारला तर टास्क शेड्युलर त्याला ठरल्या वेळी परत आणतो. आणि काही नावं अशी की त्यांना हात लावला तर निळा पडदा दाखवून मशीनच बंद पडतं: सीएसआरएसएस, विनइनिट वगैरे. मूळ कुठे आहे ते बघावं. स्टार्टअपची यादी, सर्व्हिसेस, टास्क शेड्युलर, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, इतक्या दारांनी ही मंडळी आत येतात. सिसइंटर्नल्सचा ऑटोरन्स ही बहुतेक सगळी दारं एकाच ठिकाणी दाखवतो. पहिल्यांदा उघडल्यावर माणूस बिचकतो, इतकी दारं आपल्या घराला आहेत हे बघून.

बहुतेकांना स्टार्टअपची यादी पुरते. तिथे प्रत्येक नावापुढे 'हाय', 'मीडियम', 'लो' असा शेरा असतो. तो मोघम वाटतो, पण त्यामागे माप आहे. सुरू होताना एक सेकंदापेक्षा जास्त सीपीयू वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्कचं काम केलं की 'हाय'. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोन्हींच्या आत राहिलं की 'लो'. एसएसडीच्या, म्हणजे न फिरणाऱ्या झटपट डिस्कच्या, जमान्यात ३ एमबी म्हणजे काहीच नाही, त्यामुळे 'हाय' दिसलं की लगेच कुऱ्हाड चालवायची गरज नसते. आणि इथे 'डिसेबल' केल्याने प्रोग्रॅम उडत नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. एवढंच तर हवं असतं.

माझा खरा राग आहे तो खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर. फुली दाबली की प्रोग्रॅम बंद, हा साधा करार होता. कित्येक प्रोग्रॅमांनी तो परस्पर मोडला. फुली दाबली की ते घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसतात आणि तिथून सूचना पाठवत राहतात. खरं बंद करायला त्या इवल्याशा चिन्हावर राइट क्लिक करून 'क्विट' शोधावं लागतं. वापरणाऱ्याने 'नाही' म्हटलेलं असताना 'थोड्या वेळाने बघू' असं ऐकणं हा उद्धटपणा आहे. फुकटच्या प्रोग्रॅमांचे इन्स्टॉलर त्याहून वरचढ: आवळा देऊन कोहळा काढणारे. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं की एक टूलबार, एक 'मदतनीस' आणि एक अपडेटर पदरात. आपण हो म्हटलेलं असतं, वाचलेलं नसतं.

शटडाउनची फसवणूक मात्र जरा निरागस आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रोज रात्री नेमाने बंद होणाऱ्या मशीनचा टास्क मॅनेजरमधला 'अप टाइम' त्यामुळे दोन-दोन आठवडे दिसतो. एखादा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, भरकटला असेल तर तो भरकटलेलाच उठतो. 'रीस्टार्ट'ने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट जास्त खोलवर जातो, हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.

आणि तो रिकाम्या खोलीत घोंगावणारा पंखा? विंडोजची देखभालीची कामं मुळात रात्री दोन वाजता ठरवलेली असतात. त्या वेळी मशीन बंद असेल, आणि घरोघरी असतंच, तर ती कामं दिवसा मशीन रिकामं दिसेल तेव्हा उरकली जातात. आपण उठून गेलो की अपडेट, स्कॅन, डिस्कची आवराआवर सुरू. परत येऊन माऊस हलवला की सगळे गुमान बाजूला. बघायला जावं तर कोणी नाही. संशय बळावण्यामागे हे सौजन्यच असतं.

प्राधान्याशी, म्हणजे सीपीयू आधी कोणाला मिळायचा या क्रमाशी, मात्र खेळू नये. 'सेट प्रायॉरिटी'मध्ये जाऊन आवडत्या प्रोग्रॅमला 'रिअलटाइम', म्हणजे सगळ्यात वरचं प्राधान्य, देण्याचा सल्ला गेम खेळणाऱ्यांत फिरत असतो. खालच्याला डावललं की वरचा सुसाट सुटतो, असा हिशोब त्यामागे असतो. तो नेहमी जुळत नाही. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान आपोआप रीसेट व्हायला लागलं होतं. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या एका बिनमहत्त्वाच्या कामाने एक सामायिक कुलूप धरलेलं. मधल्या प्राधान्याचं संपर्काचं काम त्याला पुढे सरकू देईना. आणि तेच कुलूप हवं असलेलं सर्वांत महत्त्वाचं काम ताटकळत उभं. वेळेत उत्तर आलं नाही म्हणून पहारेकरी यंत्रणा सगळं रीसेट करायची. शेवटी पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली: कुलूप धरणाऱ्याला, ते सोडेपर्यंत, वाट बघणाऱ्याचं प्राधान्य उसनं द्यायचं. घरच्या कॉम्प्युटरवर इतकं नाट्य होत नाही, पण सगळ्यांना उपाशी ठेवून एकालाच जेवू घातलं की माऊससुद्धा अडखळू शकतो.

रॅमबद्दल थोडक्यात: भरलेली रॅम हे दुखणं नाही. पूर्वी सुपरफेच आणि आता सिसमेन म्हणवणारी सर्व्हिस व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, तुम्हाला लागतील असे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवते आणि दुसऱ्याला जागा हवी झाली की सोडून देते. 'रॅम क्लीनर' हे सगळं हाकलून आकडा छान दाखवतात, आणि पुढच्या क्लिकला तेच डिस्कवरून पुन्हा आणावं लागतं. रोगापेक्षा इलाज भयंकर.

मशीन रखडतं तेव्हा मी आधी डिस्कचा रकाना बघतो. जुनी, फिरणारी हार्ड डिस्क एका सेकंदात शंभराच्या आसपास वेगवेगळ्या जागी जाऊन वाचू शकते. साधी एसएसडी तेच हजारोंनी करते. सीपीयू आठ टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर, असं चित्र जुन्या लॅपटॉपवर नेहमीचं. तीन-चार प्रोसेसनी एकाच वेळी बारीक-बारीक वाचायला घेतलं की सुईने कुठे-कुठे धावावं?

मावशीचं नेमकं हेच होतं. फोनवरून म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, तरी डिस्कच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावून घ्यायला सांगितली. वरती दोन नावं आळीपाळीने. एक लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला अँटिव्हायरस. दुसरा कोणीतरी हौसेने बसवून दिलेला. एकाने फाइल उघडली की दुसरा ती तपासणार, दुसऱ्याने हात लावला की पहिला. पहिल्याला रीतसर अनइन्स्टॉल केलं, रीस्टार्ट केलं, आणि डिस्क खाली आली.

मग स्टार्टअपची यादी एकेक करत वाचली. गेला बाजार दहा नावं होती. जुन्या प्रिंटरचा मदतनीस, एका खेळाचा लाँचर जो भाच्यांनी सुट्टीत टाकला होता, कुठल्याशा पीडीएफचा अपडेटर. प्रत्येकाला तिचा एकच सवाल, "याला कोणी सांगितलं होतं?" आणि पटकन डिसेबल. शेवटी राहिला व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम. शेरा 'हाय'.

"हा पण काढ. लागेल तेव्हा उघडायचा."

"हा नाही काढायचा. ताईचा फोन ह्याच्यावरच येतो, आणि मी उघडायची वाट बघत बसायला तिला धीर नसतो."

"मावशी, सुरू व्हायला तोच सगळ्यात जास्त वेळ घेतोय."

"घेऊ दे की," ती म्हणाली. "ह्याला मी सांगितलंय."